आजी 'समाधान हाय' म्हणते तेव्हा

चिऊ राणी,

परवा गाडीत तू विचारलंस की आजीला काहीही विचारा, ती 'समाधान हाय बघ, प्रभूची कृपा' एवढंच का म्हणते, तिचे गुडघे दुखतात, एकटी राहते, पुरात घर पाण्यात गेलं होतं, मग ती खोटं बोलते का, आणि हे असं बोलणं मराठी लोकांचं आहे का ख्रिस्ती लोकांचं. तेव्हा तुला पोहायला सोडायची घाई होती आणि असल्या प्रश्नाचं उत्तर सिग्नलवर देण्यासारखं नसतं, म्हणून लिहितेय. हळूहळू वाच.

आधी खोटं बोलण्याचं सांगते. नाही बोलत ती. दुखतंय हे ती लपवत पण नाही, डॉक्टरला व्यवस्थित सांगते कुठं कळ येते ते. फक्त 'कशी आहेस' या प्रश्नाचं उत्तर ती गुडघ्यावरून ठरवत नाही.

2019 च्या पुराचं तुला फारसं आठवणार नाही, लहान होतीस. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसे आहात विचारत नाहीत, 'आयर्विनला किती फूट झालं' विचारतात, कारण कृष्णेचं पाणी त्या पुलापाशी मोजतात. 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आजीच्या घरात छातीएवढं पाणी. तिला शेजारच्या पोरांनी बोटीतून काढलं आणि एका शाळेत नेऊन ठेवलं, मी इथं कॅनडात रात्ररात्र फोन घेऊन बसलेली आणि तिचा फोन बंद. शेवटी कुणाच्या तरी फोनवरून बोलली, पहिलं वाक्य काय, तर 'तू जेवलीस का गं?'

त्याच दिवसांत पलूसकडं ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. आजीने ते ऐकलं तेव्हा 'देवाची इच्छा' वगैरे काही म्हणाली नाही. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण पुष्कळ लोकांना वाटतं की विश्वासातलं समाधान म्हणजे जे झालं ते चांगलंच झालं म्हणायचं. ती म्हणाली 'लई वाईट झालं', आणि रडली, आणि त्या लोकांसाठी प्रार्थना केली. येशू स्वतः त्याच्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी रडला होता, मग आपण कोण मोठे लागून गेलो.

मी सप्टेंबरमध्ये गेले तोवर गाळ काढून झाला होता पण वास होताच, दारं फुगलेली, एक पण धड लागत नव्हतं, आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या खाली एक तपकिरी रेघ, पाणी जिथंवर होतं तिथंवर. आजी जमिनीवर बसून लग्नाचा अल्बम सोडवत होती. पानं एकमेकांना चिकटलेली, ती लोणी लावायची बोथट सुरी मधे घालून हळूच उचलायची, काही फोटो निघायचे आणि काहींचे चेहरेच समोरच्या पानाला चिकटून यायचे. आजोबांचा एक फोटो असा गेला. ती तो हातात धरून खूप वेळ रडली, मी पण. मग उठली, चहा टाकला, कप हातात घेऊन रोजच्यासारखे देवाचे उपकार मानले आणि मला म्हणाली उद्या तलाठ्याकडं जायचंय, पंचनाम्याचा कागद राहिलाय. आणि गेली की! सानुग्रह अनुदानाच्या लायनीत तीन तास उभी राहिली, नाव चुकीचं लागलं होतं ते भांडून दुरुस्त करून घेतलं. समाधान म्हणजे हक्काचं सोडून गप्प बसायचं असं तिनं आम्हाला कधीच शिकवलं नाही.

हे ती कुठून शिकली? शिकली हाच शब्द बरोबर आहे, कारण ती काही जन्मतः अशी नव्हती, तरुणपणी तापट होती असं आजोबाच सांगायचे. पौल प्रेषिताचं पण तसंच आहे. फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, त्यानं बायबलमधलं ते पत्र लिहिलं ते कैदेत असताना, आणि त्यात तो म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, पोट भरलेलं असताना कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही. त्याच्या पुढचंच वाक्य तुझ्या मैत्रिणीच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटवलेलं आहे, की जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो. बाटलीवर ते मेडल जिंकण्याबद्दल वाटतं. पण पौल बोलतोय उपासमारीबद्दल आणि भरल्या ताटाबद्दल, की दोन्हीत ख्रिस्त मला धरून ठेवतो. आणि लगेच पुढे तो म्हणतो, तरी माझ्या अडचणीत तुम्ही मदत पाठवलीत हे बरं केलंत. म्हणजे समाधानी माणूस मदत घेतो, आणि मनापासून आभार मानतो. पुराच्या वेळी आजीने मंडळीतल्या बायकांनी दिलेल्या साड्या अशाच घेतल्या, आढेवेढे न घेता.

आजी शिकली ती मिरजेला, मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स असताना. ते हॉस्पिटल 1894 ला डॉक्टर वानलेसनी सुरू केलं, आणि ते होते आपल्या इथले, कॅनडाचे, आपण उलट्या दिशेनं आलो एवढंच. तिथं जत भागातली एक म्हातारी पेशंट होती, पाय कापावा लागलेला, भेटायला फारसं कुणी येत नव्हतं. आजीची नाईट असली की ती म्हातारी पहाटे तिलाच विचारायची, 'बाय, च्या घेतलास का?' वॉर्डात संध्याकाळची प्रार्थना व्हायची तेव्हा ती उशीला टेकून हात जोडून बसायची आणि स्वतःसाठी काही न मागता शेजारच्या खाटेवरच्या पोरीचा ताप उतरू दे म्हणायची. आजी सांगते की मी शास्त्र लहानपणापासून पाठ केलेलं, पण ते जगतात कसं ते मला तिनं दाखवलं.

आता मराठी का ख्रिस्ती. अगं दोन्ही. पुरात आजीला ठेवलं होतं त्या शाळेत तिच्या शेजारच्या सतरंजीवर एक वारकरी काकू होत्या, गळ्यात तुळशीची माळ, रात्री लाइट नाही, पोरं रडताहेत, तर काकूंनी तुकोबांचा 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' धरला, आजीला तो येतोच, सांगलीत वाढलेल्या कुणाला येत नाही, तिनं पण साथ दिली. मग काकू म्हणाल्या आता तुमचं म्हणा, म्हणून आजीने 23 वं स्तोत्र म्हटलं, मेंढपाळाचं. दोघींचं अजून फोनवर बोलणं असतं.

आणि हे काही नवीन नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात राहिले, तिथं 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही एकत्र घेऊन. दोन वर्षांत ते वारले. पण आपल्या उपासनेत पेटी-तबल्यावर जी भजनं म्हणतात त्यात कितीतरी त्यांचीच आहेत, म्हणून तुला इथल्या चर्चमध्ये गिटार ऐकून आणि सांगलीला टाळ ऐकून वेगळं वाटतं. ख्रिस्तावरचा विश्वास आजीनं मराठीतच घेतला, टाळ, ओवी, शेजारीपाजारी सगळ्यासकट. फक्त एक गोष्ट ती कधीच म्हणत नाही, 'नशिबात होतं'. तिच्या लेखी तिचं आयुष्य नशिबाच्या हातात नाहीच, ज्यानं तिच्यासाठी जीव दिला त्याच्या हातात आहे, आणि तो पुरात पण सोबत होता असं ती अगदी साधेपणानं सांगते, जसं कोण कोण बोटीत होतं ते सांगावं तसं.

मला अजून सगळं जमत नाही बरं का. मागच्या हिवाळ्यात पप्पांची नोकरी गेली तेव्हा मला झोप लागायची नाही, मी आजीला फोन करायचे आणि ती उपदेश न करता म्हणायची, 'आज घरात काय काय हाय ते सांग.' मी सांगायचे, पीठ आहे, डाळ आहे, हीटर चालू आहे, चिऊ झोपलीये. मग ती म्हणायची, 'चला, आजच्यासाठी उपकार मानू.' आणि फोनवरच प्रार्थना. उद्याचं तिनं कधी काही वचन दिलं नाही. पण त्या चार महिन्यांत मला खरंच कळलं की देव आजच्या दिवसापुरती शक्ती देतो आणि ती पुरते.

तुला टीममध्ये घेतलं नाही त्याचं वाईट वाटतंय ना, वाटू दे, रड, देवाला रागानं सांगायचं तर रागानं सांग, त्याला चालतं. मग कोचला जाऊन विचार की माझं कुठं कमी पडलं. आणि फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय सगळा वाच, 23 वचनंच आहेत, बाटलीवरचं एक नको. मराठीत अडलीस तर मला विचार, नाहीतर सरळ आजीला फोन लाव, तिला फार आवडेल, फक्त तिकडं रात्री नऊनंतर नको, ती लवकर झोपते.

तुझी,
आई