पाण्याचा नमुना घेण्याआधी

चि. बाळास आशीर्वाद.

दुधना नदीच्या पाण्यात कीटकनाशकं उतरतात का ते तुला तपासायचंय, हे वाचून बरं वाटलं. फक्त तो टीडीएस मीटर घरीच ठेव. तो क्षार मोजतो. लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असलेलं प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक त्याला कुठून दिसणार? 'टीडीएस चांगला म्हणजे पाणी चांगलं' म्हणणारे गावोगाव भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस.

नदीवर जाण्याआधी शिवार फिर. कपाशीवर, सोयाबीनवर या पंधरवड्यात काय मारलं ते विचार. पुष्कळदा एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवलेली असतात, म्हणून बांधावरच्या रिकाम्या बाटल्या बघ आणि लेबलावरचं घटकाचं नाव उतरून घे. प्रयोगशाळा तू दिलेल्या यादीतलंच शोधते. यादीत इमॅझेथापायरसारखं तणनाशकही घाल, ते हमखास विसरतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे नदी कसली, डबकीच. फवारणीनंतरचा पहिला वाहवणी पाऊस गाठ. काळ्या रानातून गढूळ लोंढा येतो; क्लोरपायरीफॉस गाळाला चिकटून येतं, इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळून. तेव्हा वरवरचं निवळ पाणी तेवढं भरू नकोस. बाटली गडद काचेची घे, बर्फात ठेव, त्याच दिवशी पोचती कर.

पाऊस नसतानाही बंधाऱ्याखाली तासभर थांब. फवारणी करून आलेल्यानं पाठीवरचा पंप उतरवायचा, टाकी पाण्यात बुडवून खळबळायची, ओतून द्यायची, की झालं. आता हिशेब कर. 36 टक्के मोनोक्रोटोफॉसचं 10 मिली उरलं, तर त्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास विष असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) त्याची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम. म्हणजे तेवढंसं औषध 35 लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं! तुरटीनं गाळ बसतो, विरघळलेलं औषध नाही.

पंप धुणाऱ्यावर मात्र डाफरू नकोस. रानात पाणी नाही म्हणून तो नदीवर येतो, आणि बऱ्याचदा पितोही तिथलंच. अहवाल आला की आधी ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना दाखव, पेपरवाल्यांना नंतर. बांधावर पाण्याचा एक ड्रम ठेवायला सांग; पंप खळबळलेलं पाणी त्याच पिकाच्या कडेच्या ओळींवर मारून टाकता येतं. ड्रमचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. त्याचं उत्तर ग्रामसेवकाला आधीच भेटून ठरवून ठेव.