टोमॅटो गुडघ्याला, मिरची बोटभर

प्रश्न : ताई, ऐरोलीत आमची उत्तरेकडची बाल्कनी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो, ज्वाला मिरची आणि ढोबळी एकाच दिवशी चहाच्या कागदी कपांत, नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पेरली. टोमॅटो कुंडीत हलवला, तो गुडघ्याला लागला. ज्वाला मात्र ५० दिवस झाले तरी बोटभर, चारच पानं, तीही पिवळट. रोज सकाळी न चुकता पाणी घालतो. मध्ये चिमूटभर युरियाही दिला. ढोबळीचं बी भाजीला आणलेल्या हिरव्या ढोबळीतलंच होतं, ते उगवलंच नाही. काय चुकतंय? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी टोमॅटोशी तुलना सोडा. तो आठवड्याभरात उगवून धावत सुटतो. मिरचीला उगवायलाच ८ ते १५ दिवस लागतात आणि पहिला महिना ती वर फारसं काही दाखवत नाही. तरीही ५० दिवसांत वीतभर व्हायला हवी होती, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे.

मला खटकलं ते ‘न चुकता’. जुलैत, खाडीकाठच्या हवेत, कागदी कपाला रोज पाणी? नौपाड्यातल्या आमच्या ग्रिलमध्ये मी पहिल्यांदा मिरची लावली तेव्हा कपांना भोकं पाडायचा कंटाळा केला होता. रोपं पिवळी पडली की मी खत घालायची, की ती आणखी पिवळी. शेवटी वैतागून एक कप उलटा केला. गोळा अख्खा हातात आला. खालून काळपट, वास डबक्याचा. मुळं चहाच्या रंगाची, चिमटीत ओढली तर साल हातात आणि आत नुसता दोरा. चांगलं मूळ पांढरं असतं, ओल्या खोबऱ्याच्या किसासारखं.

तुम्हीही एक कप असा उलटून बघा. मुळं तपकिरी निघाली तर रोप उपाशी नाही, गुदमरलंय. त्याला युरिया देणं म्हणजे तापकऱ्याला श्रीखंड. मुळं पांढरी असतील तर मात्र भूक खरी, कारण कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच.

दोन्हीवर उपाय एकच. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (विटेसारखं दाबलेलं असेल तर दोनदा धुऊन, त्यात क्षार असतात). तळाला भोकं असलेल्या चार इंची कुंडीत रोप हलवा. थेट मोठ्या कुंडीत नको, एवढी माती पावसाळ्यात वाळतच नाही. टोमॅटोचं खोड मातीत पुरलं तर त्याला मुळं फुटतात म्हणून आपण तो खोल लावतो. मिरचीच्या बाबतीत तो मोह आवरा, आधी होती त्याच पातळीला लावा. पाणी कुंडी उचलून हलकी लागली तरच. नवं पान फुटलं की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. सहा-आठ पानं झाली की दहा-बारा इंची कुंडी.

पानं वर वळू लागली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (दोन्ही रस शोषणाऱ्या बारीक किडी). पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थेंबभर साबण मिसळून पानांच्या खालून फवारा.

उन्हाचं मात्र अवघड आहे. तुमचा टोमॅटो उंच असला तरी काटकुळा असणार, हे मी न बघता सांगते. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून तुमच्या बाल्कनीला ढगांतून जे काही ऊन मिळतं ते याच दिवसांत. हिवाळ्यात तेही नाही. मिरचीला पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. पूर्वेची खिडकी असेल तर तिथे हलवा, नाहीतर सोसायटीत गच्चीचा विषय काढा. सेक्रेटरींना पहिल्या तोड्याचं आमिष दाखवायला हरकत नाही.

ढोबळीचं कोडं सोपं आहे. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ, बीही कच्चंच. पाकिटातलं बी आणा आणि सप्टेंबरात पेरा. पारा ३२ अंशांच्या वर गेला की तिची फुलं गळू लागतात, म्हणून आपल्याकडे तिला डिसेंबर-जानेवारीच मानवतात. तोवर उरलेला युरिया घट्ट झाकणाच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवा.