विषय बदलू नकोस

तुला,

सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकू आले आणि कधी एकदा त्या खोलीतून बाहेर पडते असं तुला झालं, हे फोनवर एका दमात सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. मला त्या बदलण्यातच सगळं कळलं.

पहिल्या खेपेला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवते. तुला सोळावा चालू आहे. तेव्हा स्वतःला दगडाच्या काळजाची ठरवणं बंद कर. खरी गोष्ट वेगळीच आहे. घरात दार आपटलं की तू कॉटखाली शिरायचीस, ते तू कुणालाही धड सांगितलेलं नाहीस.

सांग.

1975 साली सेल्मा फ्रायबर्ग या बालमनोविश्लेषक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या खोलीत येऊन बसणाऱ्या भुतांबद्दल लिहिलं. भुतं म्हणजे आईवडिलांचं स्वतःचं बालपण. ज्यांना मार आठवतो पण तेव्हाची भीती आठवत नाही, त्यांच्याकडे ती ठाण मांडतात. भीतीसकट आठवणारे सहसा तेच पुन्हा मुलावर उतरवत नाहीत. पुढे 1991 मध्ये लंडनला पीटर फोनागी आणि स्टील दांपत्य या मानसशास्त्रज्ञांनी गरोदर बायकांना त्यांचं बालपण विचारलं आणि त्यावरून बाळ वर्षाचं झाल्यावर आईजवळ निर्धास्त असेल का, याचा अंदाज साधारण चारातल्या तिघींबाबत बरोबर निघाला. बालपण सुखाचं होतं की नाही, यापेक्षा ते सुसंगत सांगता येतं का, हे तिथे मोलाचं होतं.

म्हणून म्हणते, सांग. आईला नको, ते भांडण नंतर. समुपदेशकाला सांग. आणि ‘मी ते विसरलेय’ हे मला तरी ऐकवू नकोस. विसरलेली बाई दाराच्या आवाजाला दचकत नाही.

मी नाही सांगितलं. लाथा मोजायला सांगितल्या म्हणून वहीत रेघा ओढायचे, दहा झाल्या की वही बंद. पोटावर हात म्हणून ठेवला नाही. मुलगी झाल्यावर दूध, लस, औषध, सगळं वेळच्या वेळी. ती रडायला लागली की मात्र मी खोलीबाहेर. आमच्या वेळी वजन आणि रक्तदाबापलीकडे विचारत कोण होतं? खोटं कशाला बोलू, एका नर्सने विचारलं होतं. मी हसून ‘छे’ म्हटलं.

मंगळवारी तपासणीला मी बरोबर येते. बाहेर बाकावर बसेन. दंडाला पट्टा बांधतील तेव्हाच तोंड उघड, डॉक्टर कितीही घाईत असल्या तरी.

तुझी,
मावशी