यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील, यात मोठा नेता कोण आणि कोणाचं काम जास्त टिकलं?

दोघंही कृष्णाकाठचे, दोघंही बेचाळीसच्या चळवळीतले, त्यामुळे तुलना होणारच. माझं मत आधीच सांगतो, राज्याची घडी बसवली यशवंतरावांनी, पण घराघरात आज जो फरक दिसतो त्यात दादांचा एक निर्णय भारी पडतो, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी.

यशवंतराव देवराष्ट्र्याचे, वकील, वाचणारा माणूस. दादा पद्माळ्याचे, शिक्षण जेमतेम सातवी. २४ जुलै १९४३ ला दादा साथीदारांना घेऊन सांगलीचा जेल फोडून पळाले, पोलीस मागे, दोन साथीदार गेले आणि दादांच्या खांद्यात गोळी. सांगलीकडची म्हातारी माणसं अजून हे काल घडल्यासारखं सांगतात. यशवंतरावांच्या वाट्याला वेगळी परीक्षा आली. द्विभाषिकाचे, म्हणजे महाराष्ट्र-गुजरात एकत्र असलेल्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरू आले, खाली संयुक्त महाराष्ट्रवाले काळे झेंडे घेऊन उभे, आणि आपलीच माणसं आपल्याला शिव्या घालतायत हे त्यांना गपचूप सोसावं लागलं. नेहरूंची बाजू घेतली म्हणून लोकांनी त्यांना बरंच सुनावलं, पण १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले. पुढे १९६२ ला चीन युद्धात कृष्ण मेनन यांचं पद गेलं आणि हे संरक्षणमंत्री, मग गृह, अर्थ, परराष्ट्र, आणि १९७९ ला काही महिने उपपंतप्रधान. दिल्लीत ते पंतप्रधानपदाजवळ पोचले पण बसले नाहीत, फार तोलून मापून चालणारा माणूस होता, माझ्या मते तिथंच घोटाळा झाला.

वारसा मला आमच्या घरातच दिसतो. वडील ईबीसी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या फी माफीच्या सवलतीवर शिकले, ही यशवंतरावांच्या काळातली, १९५९ ची. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडला की फी माफ, तो दाखला मिळवायला आजोबांनी दोन हेलपाटे घातले होते आणि वडील हे आजही सांगतात. धाकटा काका मात्र दादांच्या वाटेनं गेला. १९८३ ला दादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्याआधी आपली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जायची. काकाचं कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं, लॅबमध्ये मशीन कमी आणि पोरं जास्त, आजोबांनी उसाचं बिल आलं तसं डोनेशन भरलं. पण काका इंजिनिअर झाला. नंतर याच धंद्यातून शिक्षणसम्राट निघाले आणि शिक्षण महागलं, तो डागही दादांच्याच खात्यात मांडायला हवा, भक्त मंडळी हे सोयीनं विसरतात.

१९७८ ला शरद पवारांनी दादांचं सरकार पाडलं, ‘पाठीत खंजीर’ ते हेच, आणि पवार तर यशवंतरावांचे मानसपुत्र. यामागे यशवंतरावांचा आशीर्वाद होता का यावर गावाकडं अजूनही वाद रंगतो. दादा १९८३ ला परत मुख्यमंत्री झाले, १९८५ ला काँग्रेस प्रदेशाध्यक्षाच्या नेमणुकीवरून राजीनामा देऊन मोकळे. यशवंतरावांनी असा तडकाफडकी राजीनामा दिला असता असं मला वाटत नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, साहित्य संस्कृती मंडळ, शिवाजी विद्यापीठ ही सगळी यशवंतरावांच्या काळातली. मत द्यायचंच झालं तर माझं त्यांनाच. आमचे काका दादांना देतील, त्यांच्याशी वाद घालायला मी जात नाही.