आमच्या बेने इस्राएल ट्रस्टवर सगळे सत्तरीच्या आसपासचे आहेत. तरुणांना विश्वस्त म्हणून तयार कसं करायचं?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेला तपशील वाचला. कोकणातल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा ट्रस्ट, सात विश्वस्त, त्यांतले सगळ्यात लहान ६८ वर्षांचे. मुलं सणाला येतात, मीटिंगला फिरकत नाहीत. अमेरिकेतल्या ज्यू संस्था तरुणांना बोर्डासाठी रीतसर शिकवतात असं तुम्ही वाचलंत आणि ते आपल्याकडे जमेल का, असं विचारताय.

मीही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, ठाण्यात वाढलेली. एकतिसाव्या वर्षी एका छोट्या ट्रस्टवर मला ‘यंग ब्लड’ म्हणून घेतलं. आता पंचेचाळिशीत आहे आणि तिथे अजूनही मीच यंग ब्लड आहे. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार फारसा नाही, पण चुका भरपूर केल्या आहेत, त्या सांगते.

पहिल्या मीटिंगला मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि प्रोसिडिंग बुक लिहायचं काम मिळालं, कारण ‘तुझं अक्षर चांगलं आहे गं’. पुढची दोन वर्षं मी अक्षर चांगलं काढत होते. ठराव काय होतोय, पैसे कुठल्या खात्यातून जातात, दफनभूमीच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं, यातलं काहीही मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मोठ्यांना विचारणं उद्धटपणाचं वाटायचं. शिवाय सगळं आमच्या सेक्रेटरी अंकलना पाठ होतं. फोन केला की उत्तर मिळायचं.

मग ऐन पावसाळ्यात अंकल गेले. त्यांचा मुलगा इस्राएलहून, लोडवरून आला. शिवा, म्हणजे सात दिवसांचं सुतक, संपल्यावर त्याने किल्ल्यांचा जुडगा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. “कुठली कशाची ते पप्पांनाच माहीत,” म्हणाला. अकरा किल्ल्या. हेखालची (तोरा ठेवायच्या कपाटाची) कुठली, दानपेटीची कुठली, दफनभूमीच्या गेटची कुठली, सगळं लावून लावून बघितलं. लोखंडी कपाट उघडलं तेव्हा आत पन्नासच्या दशकापासूनची प्रोसिडिंग बुकं, बिस्किटाच्या डब्यात पावत्या, आणि तळाशी पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उतारा. त्या उताऱ्यावरच्या परिशिष्ट १ मध्ये सात विश्वस्तांची नावं होती. चार जण देवाघरी गेलेले. एक नव्वदच्या दशकात इस्राएलला गेलेले. माझं नाव नव्हतंच.

म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी मी विश्वस्त नव्हतेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, आणि त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं कोणी दिलाच नव्हता. बँकेत दोन सह्या लागत. एक सही करणारे गेले, दुसऱ्यांचा हात थरथरायचा, नमुन्याशी सही जुळेना. बँक म्हणाली, आयुक्त कार्यालयाचा आदेश आणा. उशीर माफ करण्याचे अर्ज, मृत्यूचे दाखले, जुने ठराव, वकील. नऊ महिने खातं अडकलं. हज्जानचा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचा पगार आणि विजेचं बिल आम्ही तिघा-चौघांनी खिशातून भरलं. त्या नऊ महिन्यांत मी जेवढं शिकले, तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकवायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यातूनच येतं. तरुणाला आधी ट्रस्टी करून मग शिकवू नका. आधी एक फाइल द्या. एकच, पण पूर्ण. तिच्यातली कामं तोच करणार, तिच्याबद्दल मीटिंगमध्ये तोच बोलणार, आणि चुकला तर त्याचं तोच निस्तरणार.

आमच्याकडे पहिली फाइल गेली दफनभूमीची, एका एकोणीस वर्षांच्या पोराकडे. इंजिनिअरिंगला होता, सिनेगॉगमध्ये यायचा तो आजीला सोडायला. दगडांवर हिब्रू, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही अक्षरं, आणि सनावळ्या हिब्रू. त्याला हिशेब शिकवला: ५७१० म्हणजे साधारण १९४९-५०. चार रविवार तो आणि त्याचा मित्र वही, मोबाइल आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश घेऊन फिरले. शेवाळ काढायचं, दगड वाचायचा, जागेला नंबर द्यायचा. निम्म्या दगडांचं गणित जमेना, तेव्हा तो म्हाताऱ्यांच्या घरी गेला. तिथे त्याला पेणकर, रोहेकर, चेऊलकर, कोण कोणाचं कोण, कुठल्या दोन घरांत कशावरून बोलणं बंद आहे, सगळं कळलं. विश्वस्ताला हेच तर लागतं! वर्षभराने मीटिंगमध्ये कुंपणाच्या भिंतीचा विषय निघाला तेव्हा नकाशा हातात असलेला तो एकटाच होता. सत्तरीच्या पुढचे सगळे त्याच्याकडे वळून बसले. त्याला समितीवर घ्यायचा ठराव मी मांडला नाही. तो अध्यक्षांनीच मांडला.

दुसरी फाइल हिशेबाची, सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीकडे. हिचा किस्सा जरा लांबतो, पण सांगते, कारण तुमच्याकडेही हे होणारच. छपराची कौलं बदलायची होती. अध्यक्षांचे चुलतभाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतात, ते म्हणाले, मी पैसे पाठवतो. सगळे खूश. ही पोरगी म्हणाली, “अंकल, घेता येणार नाहीत.” खोलीत शांतता. परदेशी अंशदानाचा कायदा, म्हणजे एफसीआरए, २०१० चा. त्याची नोंदणी किंवा परवानगी नसेल तर परदेशी नागरिकाकडून ट्रस्टला देणगी घेता येत नाही. माणूस आपल्याच रक्ताचा असला, जन्माने अलिबागचा असला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं, तरी पासपोर्ट इस्राएलचा म्हणजे तो परदेशी स्रोत. भारतात येऊन रोख रुपये दानपेटीत टाकले तरी तेच. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणारा भाचा आपल्या बचतीतून देत असेल तर गोष्ट वेगळी. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो.

अध्यक्ष तापले. “सत्तर वर्षं माणसं पाठवतायत, तू कालची आलेली!” तिचे कान लाल झाले, पण ती उठून गेली नाही. मोबाइलवर कलम काढून तिने ते मोठ्याने वाचलं, मग मराठीत समजावलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला, म्हणाले, “परत वाच.” तिने परत वाचलं. पैसे घेतले नाहीत. कौलं त्या वर्षी निम्मीच बदलली, उरलेल्या जागी प्लास्टिक. त्या टेबलावर अध्यक्षांना ‘नाही’ म्हणताना मी पहिल्यांदाच कोणाला पाहिलं, आणि म्हणणारी तेवीस वर्षांची होती.

आता अमेरिकेबद्दल. तिकडे हे खूप जुनं आहे. युनायटेड ज्यूइश अपीलने १९६० च्या दशकातच तरुण पुढाऱ्यांचं वेगळं मंडळ काढलं होतं. तिथल्या बोर्डावर बसणाऱ्याने स्वतः देणगी द्यायची आणि दुसऱ्यांकडून आणायची, हा जवळजवळ नियमच असतो. आपल्याकडे तो लावलात तर येणारे दोघंही पळतील. आपल्याला पैशाआधी हात हवेत आणि सह्या हव्यात. पण तिकडच्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: मत न देता वर्षभर नुसतं मीटिंगला बसू देणं, आणि प्रत्येक नव्या माणसाला एक जुना सदस्य जोडून देणं. आम्ही जोडी लावतो ती घर बघून, म्हणजे दोघं वेगळ्या घरांतले. आपल्याच मामाशी जोडी लावली तर पोरगं विचारतच नाही.

खरं सांगायचं तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या परंपरेत बाहेरून आलेल्या दाविद राहाबी या ज्यू माणसाची गोष्ट आहे. कोकणात ‘शनिवार तेली’ (शनिवारी काम न करणारे तेली) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या लोकांना त्याने शोधलं, आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतले तीन तरुण निवडून त्यांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. तेच पुढे काजी झाले, गावोगाव फिरून न्यायनिवाडे करू लागले. गावागावात मुकादम, चौगुला, पैशांचं बघणारा गबाई, असं आपलं कारभारी मंडळ होतंच. आणि बायकांचं म्हणाल तर १९१३ साली मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ निघालं, त्यात पुढाकार घेणाऱ्या जेरुशा झिराड तेव्हा विशीतल्या होत्या. पुढे मोठ्या डॉक्टर झाल्या, १९६६ ला पद्मश्री मिळाली. त्यांनी कोणी खुर्ची देईल म्हणून वाट पाहिली नाही.

यावरून आठवलं, मुलींना वगळू नका. प्रार्थनेला दहा पुरुषांचं मिन्यान लागतं हा धर्माचा भाग झाला. पण सभेचा कोरम मिन्यान नव्हे! आमच्याकडे एका काकांनी दोन वर्षं या दोन गोष्टींची गल्लत केली. आपल्या ट्रस्टच्या घटनेत काय लिहिलंय ते वाचा, आणि जिथे ‘पुरुष सभासद’ असं खरंच लिहिलेलं असेल तिथे घटनादुरुस्तीचा विषय आत्ताच काढा, कारण त्याला वेळ लागतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार तो प्रश्न म्हणजे: “शिकवायचं कोणासाठी? सगळे इस्राएलला जाणार.” हे मला दर मीटिंगला ऐकावं लागतं. आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. १९५१ च्या जनगणनेत देशभरात ज्यू २६ हजारांच्या आसपास होते, २०११ ला साडेचार हजारांच्या थोडे वर. त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये सणाशिवाय दहा माणसं जमत नाहीत.

पण माणसं गेली तरी जमीन जात नाही, आणि अलिबागच्या बाजूला जमिनीचे भाव काय झालेत हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रस्टची जागा विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे ठाऊक नसलेले दोन थकलेले विश्वस्त आणि एक गोडबोल्या दलाल एकत्र आले की काय होतं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. म्हणून जाणाऱ्यालाही शिकवा. फक्त मुदत तीनच वर्षांची ठेवा. तीन वर्षांसाठी पोरं ‘हो’ म्हणतात, जन्मभरासाठी नाही. आणि जाताना बॅग भरण्याआधी राजीनामा, त्याच महिन्यात चेंज रिपोर्ट. आमची सीए मुलगी मागच्या वर्षी बेरशेबाला गेली. जाण्याआधी तिने हिशेबाची फाइल दोन महिने शेजारी बसून पुढच्या मुलाला शिकवली. अजूनही काही अडलं की तिला व्हॉट्सॲप करतो. पैसे पाठवू नकोस म्हणतो, उत्तर पाठव.

मीटिंगच्या वेळेचं एक छोटंसं. आमच्या मीटिंगा बुधवारी सकाळी अकराला असायच्या, कारण निवृत्तांना ती वेळ सोयीची. आणि वर तक्रार की तरुण येत नाहीत! रविवारी संध्याकाळी करा, दीड तासात संपवा, विषयपत्रिका दोन दिवस आधी ग्रुपवर टाका. खायला काहीतरी बरं ठेवा. आपल्या ज्यू नव्या वर्षाच्या सुमारास गव्हाच्या चिकाचा हलवा असला की आमचा कोरम कधी चुकलेला नाही.

आणि माणसं शोधायला योम किप्पूरसारखा, म्हणजे आपल्या मोठ्या उपासासारखा दिवस नाही, आपल्या आजीच्या भाषेत दारफाळणीचा सण. त्या दिवशी वर्षभर न दिसलेलीही येतात. त्या दिवशी कामाचं बोलायचं नाही, फक्त बघून ठेवायचं. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवायला कोण उठतं, उपास सोडायच्या वेळी सरबताचे पेले कोण भरतं. आमचा दफनभूमीवाला तसाच सापडला होता. स्टेजवर उत्तम भाषण करणारे दोघं आम्ही आधी घेतले होते, ते दुसऱ्या मीटिंगनंतर दिसले नाहीत.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून पीटीआरचा ताजा उतारा काढा आणि परिशिष्ट १ मधल्या नावांपुढे हयात कोण त्यावर खूण करा. हे काम तरुणालाच द्या, आणि सोबत अध्यक्षांच्या सहीचं पत्र द्या, नाहीतर त्याला खिडकीवरून परत पाठवतील.

आमच्या त्या जुडग्यातल्या दहा किल्ल्यांना आता चिठ्ठ्या आहेत, आणि दुसरा संच त्या दफनभूमीवाल्या मुलाकडे असतो. अकरावी कशाची ते अजून कळलेलं नाही. ती टाकून द्यावी असं नव्यांचं मत, राहू द्यावी असं जुन्यांचं. दोन मीटिंगा यावर चर्चा झाली, विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.