आर-ई एकच, मग उच्चार तीन कसे?

प्रश्न : नमस्कार सर, माझा मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, यंदा पाचवीपासून सगळं इंग्रजीत आलं. आर-ई ने सुरू होणारे शब्द टीचरने पाठ करायला दिलेत, पण त्या कधी रि म्हणतात, कधी री, कधी चक्क रे. घरी मी काय सांगू?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, टीचर बरोबर आहेत, तिन्ही उच्चार खरे आहेत. मुलाला नुसतं घोकायला लावू नका, शब्दात ‘पुन्हा’ घालून बघायला सांगा. रीराइट म्हणजे पुन्हा लिहिणं, रीफिल म्हणजे पुन्हा भरणं, तसंच रीओपन, रीप्रिंट, मोबाइलचं रीचार्ज, ह्यातलं आर-ई काढलं तरी मागचा शब्द आपला अर्थ घेऊन शिल्लक राहतो, म्हणून तिथे दीर्घ री. पण रिसीव्हमधून आर-ई काढलं तर उरतं नुसतं सीव्ह, त्याला काही अर्थच नाही, आणि रिमेंबर म्हणजे पुन्हा मेंबर होणं नव्हे! असे जुळून एकजीव झालेले शब्द बहुतेक ऱ्हस्व रि ने म्हणायचे, रिप्लाय, रिटर्न, रिपेअर वगैरे.

आता रे. जोर पहिल्याच अक्षरावर आला की बहुतेक वेळा रे होतो, रेफरन्स, रेसिपी. मुलं अडकतात ती इथेच, कारण काही शब्दांचं स्पेलिंग एकच आणि उच्चार दोन. वास्कोच्या सप्ताहातलं भजन तुम्ही फोनवर ‘रिकॉर्ड’ करता, जोर कॉर्डवर, कारण ती क्रिया झाली, पण कोणी धावण्यात मोडतो तो ‘रेकॉर्ड’, जोर रे वर. रिफ्यूझ म्हणजे नकार देणं, शेवटी झऱ्यातला झ, आणि तेच स्पेलिंग नाम म्हणून आलं की रेफ्यूस, म्हणजे कचरा. हे दोन शब्द मुलाकडून मोठ्याने म्हणून घ्या, एकदा कानात बसले की बाकीचे सोपे जातात. आणि हो, रेग्युलर, रेडी, रीझन ह्यातलं आर-ई हा उपसर्गच नाही, तिथे पुन्हा शोधत बसायचं नाही.

प्रश्न : क्लबने आमच्या आवडत्या प्लेअरला री-साइन केलं असं इंग्रजी बातमीत वाचलं, मला वाटलं गेला सोडून! मित्र म्हणतो उलट आहे.
– एक फुटबॉलप्रेमी, मडगाव

उत्तर : मित्राचं बरोबर, तो राहिलाय. मधे ती छोटी आडवी रेघ असली की उच्चार रीसाइन, म्हणजे करारावर पुन्हा सही, आणि रेघ नसली की रिझाइन, म्हणजे राजीनामा. इतक्याशा रेघेने अर्थ पार उलटा होतो म्हणून लिहिताना ती अजिबात गाळू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. रिकव्हर म्हणजे आजारातून बरं होणं, रेघ दिली की रीकव्हर, सोफ्याला नवीन कव्हर घालणं. रिझॉर्ट म्हणजे आपल्या किनाऱ्यावर आहेत ती, आणि रीसॉर्ट म्हणजे कागद परत लावून घेणं. रिकाउंट म्हणजे घडलेलं सांगणं, पण पंचायत इलेक्शनला हरलेला उमेदवार मागतो तो रीकाउंट.

प्रश्न : माझं छोटं रेस्टॉरंट आहे. गिऱ्हाइकं रिसीप्ट मागतात, मुलगी म्हणते रिसीट म्हणा. पी आहे तर म्हणायचा का नाही?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मुलीचं ऐका, पी म्हणायचा नाही. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात पी नव्हताच, पुढे विद्वानांनी लॅटिनमधला मूळ शब्द बघून तो स्पेलिंगात घातला, बोलणारे मात्र जुनंच बोलत राहिले. रेसिपी ह्याच घराण्यातला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘घ्या’, पूर्वी डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीच्या सुरुवातीला हाच शब्द लिहायचे आणि आजची आर-एक्स सारखी खूण त्याचीच. तुमच्या धंद्याचा आणखी एक शब्द सांगून ठेवतो, रेस्टॉरंट चालवणारा तो रेस्टरटर, त्यात एन नाही, पाटीवर किंवा कार्डावर छापाल तर आधी बघून घ्या.

प्रश्न : मानधनाला रिन्युमरेशन म्हणायचं ना? आणि आपल्या गोव्यातल्या रेइश मागूश गावाच्या नावातला रे पण ह्यातलाच का?
– एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : रिम्यूनरेशन, आधी एम मग एन. नंबरशी त्याचं नातं नाही, लॅटिनमध्ये म्यूनस म्हणजे भेट, देणगी, त्यावरून आलाय, पण पैशाचा विषय असल्यामुळे सगळ्यांना नंबरच आठवतो आणि ऑफिसच्या पत्रांतसुद्धा चुकीचं छापलं जातं. रेइश मागूशचा काही संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये रेइश म्हणजे राजे, तिथलं चर्च बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या नावाचं आणि त्यांचं फेस्त 6 जानेवारीला असतं.