खानापूर तालुक्यात शिकारीसाठी स्वस्तातली सिंगल शॉट रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मामांची खानापूर तालुक्यात (कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या) जमीन आहे, डुकरांचा त्रास आहे, जमली तर शिकारही करायची आहे, आणि म्हणून अमेरिकेच्या व्हिडिओत दिसते तशी मधून मोडून एकच काडतूस घालायची रायफल स्वस्तात हवी. मी त्याच तालुक्यातला, जांबोटीच्या वरच्या अंगाचा. तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

शिकारीचं आधी उरकतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आज शिकार बंद. ससा नाही, भेकर नाही, डुक्करही नाही. उभं पीक खाणारं जनावर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारचं. मटण घरी आणलंत की गुन्हा. व्हिडिओतल्या त्या हेन्री, सीव्हीए वगैरे बंदुका तिकडच्या हरणाच्या सीझनसाठी चांगल्या असतील. त्या इथे तुम्हाला मागवता येणार नाहीत, विषय संपला.

आता रायफल. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला म्हणून ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी कुठलीही गुळगुळीत नळीची. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या चऱ्या असतात, म्हणून ती त्यात बसत नाही. म्हणजे ‘सिंगल शॉट’ मिळेल, ‘रायफल’ नाही. आणि कायद्यात बसली असती तरी मी तुम्हाला घेऊ दिली नसती.

आमच्या घरात आजोबांची एकनळी बारा बोअर होती. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली असते, त्या वेळची कागदी काडतुसं फुगायची आणि नळीत अडकायची, म्हणून आजोबा ती पत्र्याच्या डब्यात कोरड्या तांदळात ठेवायचे. माळ्यावर जाताना दोनच न्यायचे. एक बंदुकीत, एक मुंडाशात. संध्याकाळी उजेड असतानाच बांधाबांधानं फिरून कोण कुठे राखणीला बसलंय, कुणाची म्हैस सुटलीय, हे बघून मग माळ्यावर चढायचे. वर्षातून दोन-तीन बार उडाले तर खूप, तेही बहुतेक आभाळात.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याला हे कधीच पटलं नाही. “एका बारानं डुक्कर हटतंय होय रे?” हे त्याचं कायमचं. त्याचा कंत्राटाचा धंदा, जिवाला धोका दाखवून त्यानं परवाना काढला आणि थ्री-फिफ्टीन (.315 ची, पाच गोळ्यांची रायफल) घेतली. त्या पैशांत चार एकनळ्या आल्या असत्या.

2009 ची दिवाळी जवळ आलेली. भात पिकलेलं, चार दिवसांत कापणी. रात्री अडीच-तीनला ओहोळाकडून कळप आला. पिकलेल्या भातात डुकरं शिरली की आधी आवाज येतो, ओलं कापड फाडल्यासारखा. मी बॅटरी मारली. दादानं बार टाकला, बोल्ट ओढला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. मी थांब थांब म्हणत होतो. कळप वरच्या अंगानं निघून गेला. सकाळी बघितलं तर रक्ताचा थेंब नाही. भात लोळलेलं, ते लोळलेलंच.

नऊच्या सुमाराला ओहोळापलीकडच्या वाडीतला एक पोरगा बोलवायला आला. तिथल्या म्हातारीच्या गोठ्याच्या दाराला भोक पडलं होतं. फळीतून आत जाऊन गोळी दावणीच्या खांबात रुतलेली. म्हैस जिथे बांधतात त्याच्या वीतभर वर. म्हातारी रोज पहाटे त्याच खांबाला टेकून धार काढायला बसायची. त्या दिवशी थंडी म्हणून तासभर उशिरा उठली.

आमच्या बांधापासून त्या दारापर्यंत मी पावलं मोजली. 740. मध्ये झाडोरा, ओहोळ, चढ. रात्री आम्हाला ते घर दिसतही नव्हतं. रायफलची गोळी दीड-दोन किलोमीटर सहज जाते हे दादाला तोंडपाठ होतं, दुकानदारासमोर त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं. पण त्या दारासमोर उभं राहून तो म्हणाला, “हे भोक जुनं असंल.” ताज्या लाकडाचा पांढरा तूस दिसत असताना. म्हातारीनं पोलिसांत काही सांगितलं नाही. फडक्याचा बोळा करून भोकात बसवला. मी दुसऱ्या दिवशी दोन पायल्या भात घेऊन गेलो, तो तिनं घेतला नाही, चहा मात्र दिला. दादा गेला नाही. त्यानंतर दर गणपतीला घरात हाच वाद निघतो आणि दादाचं एकच: चूक रायफलची नव्हती, उतार चुकला. उतार रोज तिथेच आहे. आमच्याकडे सपाट शिवार किती? खानापूरच्या पश्चिमेला प्रत्येक चढाच्या मागे चार घरं आहेत. तिथे पाच गोळ्यांची रायफल हातात घेऊन राखण करणं मला मान्य नाही, कधीच होणार नाही.

तर घ्यायचीच असेल तर एकनळी बारा बोअर, हातोडीची, जुनी चालेल. मुंगेरची किंवा जम्मूची बघा. बंदूक बंद करून नळी आणि दस्ता दोन हातांत धरून हलवा, सांध्यात खेळ लागला तर परत द्या. नळीतून उजेडाकडे बघा, गंजाचे खड्डे दिसायला नकोत. चेंबर 65 मिलिमीटरचं आहे की 70 चं हे विचाराच. जुन्या 65 च्या बंदुकीत 70 चं काडतूस घालून बार टाकणारे लोक मी पाहिलेत, ते करू नका. एलजीचे (म्हणजे मोठे) छर्रे तीस-पस्तीस मीटरच्या पुढे भरवशाचे नाहीत. तरी त्याच्या पुढे काही शे मीटर उडतात आणि माणसाला लागू शकतात, म्हणजे एकनळी निर्धोक आहे असा अर्थ काढू नका. दादा हाच मुद्दा माझ्यावर उलटवतो आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

परवाना डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमधून. जमिनीचा उतारा, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. जमीन मामांच्या नावावर असेल तर अर्जही मामांनीच करावा, तुमच्या नावावर पीकराखणीचं कारण टिकणार नाही. कागद कन्नडमध्ये येतील, वाचून देणारा माणूस शोधून ठेवा. निवडणूक लागली की बंदूक बहुतेक वेळा ठाण्यात जमा करावी लागते. 2024 ला आचारसंहिता 16 मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती, म्हणजे काजूचा अख्खा हंगाम, आणि माकडं आचारसंहिता पाळत बसत नाहीत.

म्हणून खरं तर मी आता बंदुकीवर नाही. दोन वर्षं झाली सौर कुंपण घातलंय. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका मरतो, पावसाळ्यात दर आठ दिवसांनी गवत कापावं लागतं, आणि गवा आला तर तो तार बघत नाही. पण डुक्कर निम्म्याहून कमी झालंय. मेनलाइनची वीज मात्र तारेत सोडू नका. आजोबांची एकनळी परवान्यासकट माझ्या नावावर आहे, दोन वर्षांत एकही बार उडालेला नाही.

एक राहिलं. त्या रात्री आमच्याकडे वनखात्याची परवानगी नव्हती आणि बॅटरी माझ्या हातात होती. डुकरावर उजेड मी धरला होता, हे लपवून तुम्हाला शहाणपण सांगणं बरोबर नाही.

दादा ही साइट वाचतो हे मला माहीत आहे. म्हातारी मागच्या वर्षी गेली. गोठा तोच आहे, दाराची फळी बदललेली नाही, सून तिथेच राहते.